प्रायश्चित्ताचा दिवस आणि उघडलेलें दार

(शास्त्रपाठ: लेवीय १६, लेवीय २३:२६-३२, यशया ५८, इब्री ९ व १०. हे अध्याय आधीं वाचून मग हा पाठ वाचावा.)



अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. कोणी मोबाईलवर उपदेश ऐकतो, कोणी परगांवच्या सभेस जाऊन येतो, आणि मग पाळकास किंवा उपदेशकास विचारतो, "देवानें इस्राएलास जे सण लावून दिले ते निरंतरचे आहेत असें शास्त्रांत आहे. मग आपण ते कां पाळीत नाहीं? आपल्या घरांत दुखणें आहे, वावर पिकत नाहीं, तें याचमुळें तर नसेल?" या प्रश्नास कित्येक जण एका वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होतात कीं, जुना करार संपला, तो आपल्याकरितां नाहीं. दुसरे कित्येक घाबरून जातात आणि तिथी विचारून उपास धरूं लागतात.

आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. पहिल्यानें देवाच्या वचनाचा मोठा भाग न वाचतांच मिटून ठेवला जातो. दुसऱ्यानें ख्रिस्तानें मोकळ्या केलेल्या मानेवर पुन्हां जूं ठेवलें जातें. म्हणून इस्राएलाच्या सणांपैकीं जो सर्वांत गंभीर, त्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा आपण या पाठांत विचार करूं. तो दिवस काय होता, मशीहाच्या ठायीं त्याचा अर्थ कसा पूर्ण झाला, आणि त्या अर्थाचें आज आपल्यावर कोणतें ऋण आहे, या तीन गोष्टी समजल्या म्हणजे वरील प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळेल.

१. हा दिवस कोणता?

हा दिवस इस्राएलाच्या सातव्या महिन्याचा, म्हणजे तिश्री महिन्याचा, दहावा दिवस होय. यहूदी लोकांचे महिने आपल्या महिन्यांप्रमाणें चंद्रावर चालतात. म्हणून हा दिवस शुद्ध पक्षांतील दशमीच्या सुमारास, कधीं भाद्रपदांत तर कधीं आश्विनांत येतो. सन २०२५ सालीं तो २ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशीं आला होता. वऱ्हाडांत या सुमारास सोयाबीन सोंगणीस येतें, पऱ्हाटीला बोंडें धरतात, आणि मजूर मिळेनासा होतो. इस्राएल देशांतहि हा हंगामाचाच काळ. अशा घाईच्या दिवसांत देवानें आज्ञा केली कीं, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कोणीं कसलेंहि काम करूं नये, आणि सर्वांनीं आपल्या जिवास दंडन करावें, म्हणजे उपास करून नम्र व्हावें. ही आज्ञा देशांत जन्मलेल्यास होती, तशीच त्यांच्यामध्यें राहणाऱ्या परक्यासहि होती.

त्या दिवशीं मुख्य याजकाचें काम कसें चाले तें लेवीयाच्या सोळाव्या अध्यायांत क्रमानें सांगितलें आहे. इतर दिवशीं तो सोन्याचीं व जांभळ्या-किरमिजी रंगांचीं वैभवाचीं वस्त्रें घाली. या दिवशीं तो तीं उतरून ठेवी, स्नान करी, आणि साधीं तागाचीं वस्त्रें घाली. प्रथम तो आपल्या व आपल्या घराण्याच्या पापाकरितां गोऱ्हा अर्पी, कारण तो स्वतःहि पापी होता. मग लोकांकरितां दोन बकरे उभे करीत आणि त्यांवर चिठ्ठ्या टाकीत. एक बकरा परमेश्वराकरितां, तो मारला जाई. दुसरा अजाजेलाकरितां, तो जिवंत राही. याजक धुपाटण्यांत निखारे व दोन मुठी धूप घेऊन अंतरपटाच्या आंत, परमपवित्रस्थानांत, वर्षांतून या एकाच दिवशीं जाई. धूपाच्या धुरानें दयासन झांकलें जाई, आणि मग तो दयासनावर व त्याच्या पुढें रक्त शिंपडी. तो आंत असेपर्यंत दुसरा कोणीहि मनुष्य मंडपांत नसे. सारे लोक उपाशी, मुके, बाहेर उभे राहत, आणि एक मनुष्य त्या सर्वांच्या वतीनें आंत एकटा असे.

या आज्ञेच्या दोन बाजू वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. एक, पाप ही क्षुल्लक गोष्ट नाहीं. तिच्यामुळें देव आणि माणूस यांच्यामध्यें पडदा येतो. दुसरी, तो पडदा ओलांडण्याचा मार्ग देवानें स्वतः लावून दिला; माणसाला तो सुचला नव्हता.

२. आपल्याच भाषेंत पाळलेला हा दिवस

हा दिवस दूर देशांतील परक्या लोकांचाच आहे असें कोणीं समजूं नये. तो मराठी बोलणाऱ्या लोकांनीं आपल्या महाराष्ट्रांत शतकानुशतकें पाळला आहे. हे लोक म्हणजे कोंकणांतील बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगांव येथें आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी कथा त्यांच्यांत परंपरेनें चालत आली आहे. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, इब्री भाषा बहुतेक विसरली गेली होती. ते तेल गाळण्याचा धंदा करीत, मराठी बोलत, आणि किहीमचे ते केहीमकर, दिव्याचे ते दिवेकर अशीं गांवांवरून आडनांवें लावीत. परंतु शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणत.

त्यांचा इतिहास त्यांच्यापैकींच हाईम सामुएल केहीमकर यांनीं लिहिला. तो सन १९३७ सालीं तेल अवीव येथें छापून निघाला. त्यावरून कळतें कीं, हे लोक सणांचीं इब्री नांवें विसरले होते, तरी सण विसरले नव्हते. त्यांनीं सणांस मराठी नांवें दिलीं होतीं. प्रायश्चित्ताच्या दिवसास ते दारफळणीचा सण म्हणत. दारफळणी म्हणजे दारें लावून घेणें. आदल्या संध्याकाळीं स्नान करून, पांढरीं वस्त्रें नेसून ते घरांत जात व दारें बंद करीत. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत उपास चाले. त्या वेळांत ते बाहेरच्या कोणाशीं बोलत नसत, कोणाला शिवत नसत. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशीं गोरगरिबांस दानधर्म करीत आणि नातलगांच्या व मित्रांच्या भेटी घेत.

विचार करावा कीं, ज्यांच्या हातीं पुस्तक नव्हतें, मंदिर नव्हतें, याजक नव्हता, त्यांनीं या दिवसाचा एक अर्थ घट्ट धरून ठेवला. आज काम नाहीं, जेवण नाहीं, बोलणें नाहीं. आज दार बंद करून देवापुढें बसावयाचें. आणखी नवल असें कीं, जगांतील इतर यहूदी लोकांच्या प्रार्थनामंदिरांत या दिवसाची जी शेवटची उपासना सूर्यास्तास होते, तिचें नांव नईला, म्हणजे बंद करणें, असें आहे. दार मिटण्यापूर्वीं आमची विनवणी ऐक, असा तिचा भाव आहे.

पुढें मिशनरी लोक मुंबईस आले. सन १८२९ सालीं आलेले स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन यांनीं सन १८३२ सालीं या लोकांकरितां इब्री भाषेचें व्याकरण मराठींत काढलें. मराठींत छापलेल्या जुन्या करारामुळें त्यांस आपलें शास्त्र मायबोलींत वाचावयास मिळालें. त्यांपैकीं फारच थोडे ख्रिस्ताकडे आले. तरी ज्या शास्त्रावर त्यांचा विश्वास त्याच शास्त्रावर आपलाहि आहे, आणि तें शास्त्र प्रथम त्यांच्या वाडवडिलांच्या स्वाधीन करण्यांत आलें होतें, हें आपण विसरूं नये. सन १९४८ नंतर त्यांचीं बहुतेक कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. मुंबई, ठाणें, पुणें व रायगड या भागांत कांहीं अजून आहेत. मुंबईंतील त्यांचें सर्वांत जुनें प्रार्थनामंदिर सामुएल एजेकिएल दिवेकर यांनीं सन १७९६ सालीं बांधलें. त्याचें नांव शार हारहामीम, म्हणजे दयेचें द्वार. घराचें दार लावून घेणाऱ्या लोकांनीं प्रार्थनामंदिरास दयेचें द्वार असें नांव द्यावें, यांत या दिवसाचें सारें रहस्य आलें आहे. माणसाची आशा एवढीच कीं, आपण दार लावून पश्चात्ताप करावा आणि देवानें दयेचें दार उघडावें.

३. दार कोणीं लावलें?

दार बंद असणें म्हणजे काय, हें आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. आपल्या वाडवडिलांस पाणवठ्यावर येऊं देत नसत, देवळाची पायरी चढूं देत नसत. अमरावतीसच सन १९२७ सालीं अंबादेवीच्या मंदिराचें दार अस्पृश्य मानलेल्या लोकांस उघडावें म्हणून चळवळ झाली, आणि त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत तेथें भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तें दार माणसांनीं माणसांवर लावलें होतें. त्यांत देवाचा कांहीं हात नव्हता. तें लावणें हेंच पाप होतें.

परंतु लेवीयाच्या सोळाव्या अध्यायांत ज्या दाराविषयीं सांगितलें आहे तें निराळें आहे. त्या अंतरपटाबाहेर सारेच सारखे उभे होते. मुखिया आणि गुलाम, श्रीमंत आणि भिकारी, देशांत जन्मलेला आणि परका, कोणालाहि आंत जातां येत नव्हतें. मुख्य याजकहि आपल्या कुळाच्या बळावर आंत जात नसे. रक्त घेतल्यावांचून तो गेला असता तर मेला असता. म्हणून ज्यास माणसांनीं बाहेर ठेवलें त्यानें असें म्हणूं नये कीं, माझ्यावर अन्याय झाला म्हणून मला पश्चात्तापाची गरज नाहीं. आणि ज्याच्या वाडवडिलांनीं दुसऱ्यास बाहेर ठेवलें त्यानेंहि असें म्हणूं नये कीं, मी नेहमींच आंत होतों. देवापुढें दोघेहि बाहेरच होते.

४. दोन बकरे आणि गांवची शीव

आतां दुसऱ्या बकऱ्याकडे पाहूं. मुख्य याजक आपले दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवी, आणि इस्राएलाचे सर्व अपराध व पापें बोलून दाखवून तीं त्याच्या डोक्यावर ठेवी. मग एका मनुष्याच्या हातीं देऊन त्याला रानांत, निर्जन प्रदेशांत, सोडून देत. पहिल्या बकऱ्याच्या रक्तानें पापाचें प्रायश्चित्त झालें. दुसऱ्यानें तें पाप दूर वाहून नेलें. क्षमा झाली, आणि क्षमा झालेलें पाप परत येणार नाहीं अशी खूणहि दिली.

आपल्या गांवांतील वृद्धांस मरीआईचा गाडा ठाऊक असेल. पूर्वीं महामारी आली म्हणजे लोक मरीआईचा गाडा सजवून गांवाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडीत. पलीकडच्या गांवचे लोक तो पुढच्या शिवेवर लोटीत. अशा रीतीनें एका गांवचें अरिष्ट दुसऱ्या गांवाच्या माथीं जाई. भयानें माणसाचें मन असेंच चालतें. आपलें संकट टळावें, मग तें शेजाऱ्यावर पडलें तरी चालेल. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा बकरा मात्र कोणाच्याहि शिवेंत सोडीत नसत. जेथें माणसांची वस्ती नाहीं तेथें तो जाई. देवाची क्षमा पाप शेजाऱ्याच्या वावरांत टाकीत नाहीं. ती त्याचा खरोखर नायनाट करते.

५. मशीहाच्या ठायीं पूर्णता

तरी या सर्व विधींत एक उणीव होती, आणि ती त्या विधींतच लिहिलेली होती. तो दरवर्षीं करावा लागे. औषध दरवर्षीं तेंच घ्यावें लागत असेल तर रोग गेला नाहीं असें समजावें. इब्रीकरांस पत्र लिहिणारा हेंच दाखवितो: बैलांचें व बकऱ्यांचें रक्त पाप दूर करूं शकत नव्हतें, तें दरवर्षीं पापाची आठवण देत होतें (इब्री १०:१-४). सन ७० मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमांतील मंदिर जाळलें. तेव्हांपासून रक्त घेऊन आंत जाणारा मुख्य याजक नाहीं. यहूदी लोक तेव्हांपासून उपास, प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म करून हा दिवस पाळीत आले आहेत.

नव्या कराराची साक्ष अशी कीं, मंदिर पडण्यापूर्वीं सुमारें चाळीस वर्षें खरा मुख्य याजक येऊन गेला. त्यानें वैभवाचीं वस्त्रें उतरून ठेवलीं, म्हणजे स्वर्गींचें गौरव सोडून दासाचें रूप घेतलें. त्याला आपल्याकरितां गोऱ्हा अर्पावा लागला नाहीं, कारण तो निष्पाप होता. तो बकऱ्यांचें रक्त घेऊन गेला नाहीं. आपलें स्वतःचें रक्त घेऊन एकदांच आंत गेला (इब्री ९:११-१४). दोन्ही बकऱ्यांचा अर्थ त्या एकामध्यें पूर्ण झाला: तो मारला गेला, आणि आपलीं पापें वाहून नेणाराहि तोच झाला. आणि ज्याप्रमाणें त्या दिवशीं याजकाबरोबर मंडपांत कोणी नसे, त्याप्रमाणें तो वधस्तंभावर एकटा होता. शिष्यहि पळून गेले होते.

त्या वेळीं मंदिरांतील अंतरपट वरपासून खालपर्यंत फाटला (मत्तय २७:५१). आपल्या देशांत लग्नाच्या वेळीं वधूवरांमध्यें अंतरपाट धरतात. तो दूर होईपर्यंत एकमेकांचें मुख दिसत नाहीं, आणि मंगलाष्टकें संपल्यावर तो धरणारेच दूर करतात. मंदिराचा पडदा माणसांच्या हातांनीं दूर झाला नाहीं. तो वरून फाटला. ज्या देवानें तो पूर्वीं लावावयास सांगितला होता त्यानेंच तो काढला. कोंकणांतील त्या लोकांनीं ज्या दयेच्या द्वाराची वाट पाहिली, तें द्वार येशू मशीहाच्या ठायीं उघडलें आहे, ही आपली सुवार्ता आहे. तें पुन्हां दरवर्षीं लागत नाहीं. गरिबाकरितां निराळें आणि श्रीमंताकरितां निराळें असें तें नाहीं.

६. मग आपण हा दिवस पाळावा काय?

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. पौलानें कलस्सै येथील मंडळीस लिहिलें कीं, सण, अमावास्या व शब्बाथ यांविषयीं कोणीं तुमचा न्याय करूं नये, कारण ह्या गोष्टी छाया आहेत आणि त्या छायेचें शरीर ख्रिस्त आहे (कलस्सै २:१६-१७). संध्याकाळीं वावरांतून परत येणाऱ्या बापाची लांब सावली आधीं अंगणांत येते. ती पाहून लेंकरूं आनंदानें उठतें. सावली खोटी नव्हती. तिनेंच बाप येत असल्याची वर्दी दिली. पण बाप दारांत उभा राहिल्यावर लेंकरूं सावलीला मिठी मारीत नाहीं, बापालाच मारतें.

म्हणून आमचें उत्तर तीन वाक्यांत असें आहे. तारणाकरितां, किंवा आजार व नापिकी टाळण्याकरितां, हा दिवस पाळणें आपल्यावर बंधनकारक नाहीं. जो कोणी तसें शिकवितो तो ख्रिस्ताचें एकदांच झालेलें अर्पण अपुरें ठरवितो. परंतु त्या दिवशीं कोणी उपास करून इब्रीकरांस पत्राचे नववा व दहावा अध्याय वाचीत असेल, तर त्याला कोणीं दोष देऊं नये, कारण दिवस मानणारा प्रभूकरितां मानतो (रोम १४:५-६). येशू हाच मशीहा असें मानणारे कित्येक यहूदी आजहि या रीतीनें हा दिवस पाळतात. आणि ज्यांनीं येशूला अजून मशीहा मानलें नाहीं त्या यहूदी लोकांचा तिरस्कार करणें आपल्यास सर्वथा निषिद्ध आहे, कारण आपण रानटी फांद्या असून त्यांच्या मुळावर कलम झालों आहों (रोम ११:१७-१८).

७. जें दार आपल्या हातीं आहे

येथपर्यंत पुष्कळ ख्रिस्ती वाचक संतोषानें येतील. देवानें दार उघडलें, आपण मोकळे झालों, असें म्हणून ते पुस्तक मिटतील. पण या दिवसाची अर्धी शिकवण अजून राहिली आहे, आणि आमच्या मतें आपल्या मंडळ्यांचें बरेंवाईट याच अर्ध्यावर अवलंबून आहे.

यहूदी गुरूंची प्राचीन शिकवण मिश्ना या ग्रंथांत एकत्र केलेली आहे. तिच्या योमा नांवाच्या भागांत या दिवसाविषयीं एक नियम आहे. त्याचें तात्पर्य असें: माणूस व देव यांच्यामधील पापांचें प्रायश्चित्त हा दिवस करतो, परंतु माणूस व त्याचा शेजारी यांच्यामधील पापांचें प्रायश्चित्त, त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय, हा दिवस करीत नाहीं. आपल्या प्रभूनेंहि डोंगरावरील प्रवचनांत हेंच सांगितलें: वेदीजवळ दान आणलें असतां भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवावें, आधीं जाऊन भावाशीं समेट करावा, मग येऊन दान द्यावें (मत्तय ५:२३-२४). बेने इस्राएल लोक दारफळणीच्या दुसऱ्याच दिवशीं दार उघडून दानधर्मास व भेटीगांठीस निघत; तेंहि उगीच नव्हे.

यहूदी लोक या दिवशीं सकाळच्या उपासनेंत यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. त्यांत देव उपास करणाऱ्यांसच दोष देतो. तुम्ही उपासाच्या दिवशीं आपला स्वार्थ साधतां आणि आपल्या मजुरांस राबवितां, असा तो दोष आहे. देवाला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणें, भुकेल्यास भाकरी देणें, निराश्रितास घरांत घेणें. शिवाय लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, योबेल वर्षाचें शिंग याच प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकावें. त्या वर्षीं विकलेलें वतन मूळ धन्यास परत मिळे आणि दास मोकळा होऊन आपल्या घरीं जाई. देवानें पापाची क्षमा आणि शेतजमिनीचा न्याय यांस एकच दिवस नेमला. त्यांची फारकत करण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

आतां हें आपल्या गांवास लावून पाहूं. समजा, दोन ख्रिस्ती भावांचीं वावरें लागून आहेत. थोरल्यानें नांगरतांना धुरा दरवर्षीं वीतभर कोरला. धाकट्यानें रागानें पाण्याची पाळी बंद केली. दोघेहि रविवारीं एकाच मंदिरांत येतात. एक पुरुषांच्या रांगेंत पुढें बसतो, दुसरा मागें. दोघेहि उत्तम शुक्रवारीं उपास करतात, दोघेहि प्रभुभोजन घेतात, आणि दोघांच्या बायका विहिरीवर एकमेकींशीं बोलत नाहींत. किंवा समजा, एका ख्रिस्ती शेतकऱ्यानें सालदाराचे पैसे पीक विकल्यावर देऊं म्हणून सांगितलें, कापूस विकला, घरावर नवे पत्रे पडले, आणि सालदाराचा हिशेब तसाच राहिला. किंवा आधीं ख्रिस्ती झालेलें एखादें घराणें नंतर दुसऱ्या जातींतून आलेल्या बांधवाबरोबर प्रार्थना करतें, पण त्याच्या घरचें पाणी पीत नाहीं. अशा ठिकाणीं अंतरपट वरून फाटला आहे खरा, पण खालीं माणसांनीं तो टांके घालून पुन्हां शिवला आहे.

अशा भावांस आम्ही असें सांगूं कीं, तुमच्याकरितां दरवर्षीं बकरा मारावा लागत नाहीं. ख्रिस्त एकदांच मेला. परंतु धुरा आपोआप मागें सरकणार नाहीं. तो तुम्हांलाच मागें घ्यावा लागेल. जक्कयानें तारण विकत घेण्याकरितां चौपट परत दिलें नाहीं. तारण त्याच्या घरीं आलें म्हणून त्याच्या हाताची मूठ उघडली (लूक १९:८-९). तसेंच येथें समजावें. देवाकडचें दार आपण उघडूं शकत नव्हतों, तें त्यानें उघडलें. शेजाऱ्याकडचें दार आपल्या हातीं आहे. तें उघडण्याचें काम त्यानें आपल्यावर सोपविलें आहे. जो आपल्याकडचें दार लावून ठेवतो, त्यानें देवाकडचें दार उघडलें असल्याचा आनंद अजून ओळखला नाहीं.

या शिकवणींत आणखी एक पायरी आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशीं अर्पिलेल्या गोऱ्ह्याचें व बकऱ्याचें शरीर छावणीबाहेर जाळीत. इब्रीकरांस पत्रांत सांगितलें आहे कीं, येशूनेंहि वेशीबाहेर दुःख सोसलें, म्हणून आपणहि त्याच्याकडे छावणीबाहेर जावें (इब्री १३:११-१३). परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशनानें कुष्ठरोग्यांकरितां दवाखाना चालविला, आणि अमरावतीजवळ तपोवनांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं त्याच रोग्यांची सेवा केली. ज्यांस गांवानें वेशीबाहेर घातलें होतें त्यांच्याकडे जाणें, हा प्रायश्चित्ताच्या दिवसाचा खरा पाठ होय. आज आपल्या गांवांत वेशीबाहेर कोण आहे, हें प्रत्येक मंडळीनें शोधून पाहावें. कर्जानें गांजून घर सोडून गेलेल्याची विधवा असेल, दारूच्या नादानें सर्वांनीं टाकलेला तरुण असेल, किंवा रोगामुळें एका खोलींत पडून राहिलेली म्हातारी असेल.

८. उपदेशक बंधूंस सूचना

हा पाठ शिकवितांना खालील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, एखाद्याच्या घरीं दुःख आलें असतां तें सण न पाळल्यामुळें आलें असें कधींहि सांगूं नये. अशा बोलण्यानें दुःखितावर दुसरें ओझें पडतें. दुसरी, दोन बकऱ्यांची गोष्ट मुलांस सांगतांना पहिल्या बकऱ्यावरच थांबूं नये. पाप दूर गेलें ही आनंदाची वार्ता दुसऱ्या बकऱ्यांत आहे. तिसरी, पुढील प्रभुभोजनाच्या आधींच्या आठवड्यांत ज्यांच्यांत वैर आहे अशा दोन घरीं स्वतः जावें. दोन्ही पक्षांचें ऐकावें, न्यायाधीश होऊं नये, आणि शक्य झाल्यास दोघांस एका ओसरीवर बसवावें. तेथें एक तास बसणें हें मंदिरांतील तासाभराच्या उपदेशाहून कमी मोलाचें नाहीं.

मंडळींत विचारण्याजोगे प्रश्न:

(१) मुख्य याजक या दिवशीं वैभवाचीं वस्त्रें कां उतरून ठेवी? त्यावरून ख्रिस्ताविषयीं आपण काय शिकतों?

(२) दोन बकरे कां होते? एकच असता तर कोणती शिकवण राहून गेली असती?

(३) दरवर्षीं होणारें प्रायश्चित्त आणि एकदांच झालेलें प्रायश्चित्त यांत भेद काय?

(४) योबेलाचें शिंग याच दिवशीं कां फुंकावयाचें होतें?

(५) आपल्या घरापासून कोणत्या घराकडे जाणारें दार आज बंद आहे? (या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें मागूं नये. प्रत्येकानें तें मनांत द्यावें आणि घरीं जातांना पायांनीं द्यावें.)

ज्या मुख्य याजकानें आपल्याकरितां अंतरपटाच्या आंत प्रवेश केला, तो आपल्या वऱ्हाडांतील प्रत्येक लहानमोठ्या मंडळीस निर्भय मनानें देवाजवळ येण्याची, आणि त्याच पावलांनीं शेजाऱ्याच्या दारीं जाण्याची कृपा देवो. आमेन.